वनसंज्ञा, रबर आणि तुटत गेलेले जंगल: दोडामार्ग पट्ट्याची पार्श्वभूमी

मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावे चार महिन्यांत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करावीत, असे केंद्राला बजावले. मूळ याचिका दशकाहून जुनी होती. ज्या जंगलासाठी ती दाखल झाली, त्यातले बरेचसे निकालाच्या दिवशी उभेच नव्हते. आरा आणि जेसीबी यांनी ते पाडले हे खरेच. पण पाडणे इतके सोपे का झाले, हे समजून घ्यायला एका शब्दाकडे पाहावे लागते. तो शब्द आहे ‘वनसंज्ञा’.

मागचा इतिहास थोडक्यात एवढाच. सावंतवाडी संस्थानाच्या काळात डोंगरउतारावर कुमरी चाले, म्हणजे झाडी तोडून, जाळून नाचणी-वरी करायची आणि मग जमीन काही वर्षे पडीक ठेवायची. त्या काळात झाडी पुन्हा वाढे. देवाच्या राईला कोणी हात लावत नसे. सरकारी राखीव जंगल कोकणात तसेही कमीच, बहुतेक जमीन खासगी किंवा गावकीची. सावंतवाडी–दोडामार्गचे वेगळेपण इथेच सुरू होते. विदर्भात जंगल म्हणजे वनखात्याची जमीन, इथे जंगल म्हणजे कोणाच्या तरी सातबाऱ्यावरची वरकस, भात न होणारी डोंगरउताराची जमीन.

एका सातबाऱ्यावर वीस-तीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत. वाटप झालेले नाही, चाकरमान्यांना त्या डोंगरातून काही मिळत नाही. अशा जमिनीला गिऱ्हाईक आले ते तिळारी धरणाच्या कामानंतर रस्ते सुधारले तेव्हा, आणि त्यातले बरेच केरळमधून आले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उतारच्या उतार रबर, अननस आणि केळीखाली गेले. काजूची कलमेही वाढली, आणि ती लावणारे बहुतेक स्थानिकच, हेही नोंदवले पाहिजे. सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलणे या पट्ट्यात सोयीचे असते, पण ते पूर्ण खरे नाही.

रबर लावायचे तर उतार आधी पूर्ण उघडा करावा लागतो. मोठी झाडे जातात, खालची झुडपे, वेली, कुजका पाला सगळे जळते, मग यंत्राने पायऱ्या पाडतात. झाडांना चीक येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात. दुरून पाहिले तर डोंगर हिरवाच दिसतो. पण त्या हिरव्यात धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली नाही की खायला उंबर-वडाची फळे नाहीत. शेकरू एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर उडी घेत जगतो, मध्ये दोनशे मीटरची उघडी पट्टी आली की त्याचे जंगल तिथे संपते. लाजवंती या छोट्या माकडासारख्या प्राण्याचेही तेच. ती तर उडीही मारत नाही, फांदीवरून फांदीवर सरकत जाते.

उरलेल्या तुकड्याचेही बरे चालत नाही. त्याच्या कडेने ऊन आणि वारा आत घुसतो, जमीन लवकर सुकते आणि सावलीत वाढणाऱ्या रोपांच्या जागी रानमोडी हे तण माजते. तुकडा जितका लहान, तितका त्याचा जास्त भाग ‘कड’ होतो. पाच एकरांच्या तुकड्यात काही वेळा कडच उरते, आत असे काही नसतेच.

आता तो शब्द. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९८० च्या वन संवर्धन कायद्यातले ‘वन’ म्हणजे फक्त सरकारी दप्तरी नोंदलेले वन नाही. शब्दकोशातल्या अर्थाने जे जे वन, ते सगळे यात येते, मालकी कोणाचीही असो. अशी वने शोधण्यासाठी राज्यांनी महिन्याभरात तज्ज्ञ समित्या नेमाव्यात, असाही आदेश होता. या आदेशातून जी ओळख पटवली गेली, तिला कोकणात ‘वनसंज्ञा’ हे नाव पडले. शब्द सरकारी आहे, पण सिंधुदुर्गात तो रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे.

गोंधळ असा की याच जमिनींवर आधीपासून दुसरा एक शिक्का होता, ‘खासगी वन’. राज्याचा खासगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू आहे. त्या कायद्याने, ज्या जमिनीला जुन्या वन कायद्याच्या कलम ३५ खाली नोटीस निघाली होती, तीही खासगी वनात धरली आणि ती राज्याकडे गेली. कित्येक नोटिसा पन्नाशी-साठीच्या दशकातल्या, काही मालकापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नुसती नोटीस निघाली एवढ्यावर जमीन वन होत नाही, ती बजावलेली हवी आणि तिच्यावरची कारवाई जिवंत हवी. तो वाद मुंबईच्या उपनगरातला, इमारतींचा होता. तरी कोकणात त्याचा अर्थ लोकांनी आपापल्या सोयीने लावला. ‘खासगी वन’ सुटले म्हणजे ‘वनसंज्ञा’ही सुटली, असे सांगणारे आजही भेटतात. ते चूक आहे. पहिल्यात मालकी सरकारकडे जाते. दुसऱ्यात मालकी तुमचीच राहते, मात्र केंद्राच्या परवानगीशिवाय जमीन दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

शेतकऱ्याचा राग मला समजतो. ज्याने आपल्या बांधावर ऐन, किंजळ, जांभा वाढू दिला त्याची जमीन बंधनात अडकली. शेजाऱ्याने आधीच उघडी केली, तो मोकळा राहिला. झाडी राखणाऱ्याला बंधन आणि तोडणाऱ्याला बाजारभाव, असा हिशेब मांडणारी व्यवस्था जंगल वाचवेल कशी? नोंद होण्याआधी साफ केलेले बरे, ही भीती या हिशेबातूनच जन्मली. तरीही वनसंज्ञा सरसकट उठवा, ही मागणी मला मान्य नाही. ज्यांनी झाडी राखली त्यांना त्याबद्दल काही मिळायला हवे, बंधन काढून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तोड रोखण्यासाठी राज्याचा १९६४ चा वृक्षतोड कायदा होता. त्यातला दंड कित्येक दशके जास्तीत जास्त एक हजार रुपये राहिला. लाकडाच्या एका ट्रकपुढे ही रक्कम काहीच नाही.

आणखी एक व्याख्या शांतपणे काम करत होती. देशाच्या वनआच्छादनाच्या सर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची दहा टक्के छत्री, म्हणजे वरच्या पानोळ्याने झाकलेली जागा, असली की ते वनआच्छादन. मालकी कोणती, जात कोणती, हे त्यात पाहत नाहीत. म्हणजे रबराची बाग त्यात बसते. सदाहरित जंगल तोडून तिथे रबर मोठा झाला की नकाशावर फारसा फरकच दिसत नाही. जिल्हा हिरवा असल्याचा आकडा दाखवला जातो, तेव्हा हे लक्षात ठेवावे.

पश्चिम घाटासाठी केंद्राने नेमलेल्या पहिल्या समितीने २०११ मध्ये सगळा घाटच संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर सुचवले. त्यावर गदारोळ झाला. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने उपग्रह प्रतिमांवरून सुमारे ३७ टक्के क्षेत्र वेगळे काढले. त्यांच्या निकषांमध्ये जैवविविधता भरपूर हवी, लोकवस्ती विरळ हवी आणि जंगल कमी तुटलेले हवे, असे होते. दोडामार्गसह या पट्ट्यातली बरीच गावे यादीबाहेर राहिली. वगळण्यामागे एवढेच कारण होते असे म्हणता येणार नाही. पण जंगल तुटले म्हणून ते संरक्षणाला अपात्र, ही रीत या पट्ट्याला, वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेला, लावणे मला गंभीर चूक वाटते. वाटेवरचे तुकडेच तर जोडायचे असतात.

त्याच २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही तालुक्यांत वृक्षतोडीवर बंदी घातली. बंदी आली तरी तोड थांबली नाही.

वन्यप्राण्यांची ही वाट कल्पनेतली नाही. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले आणि त्यानंतर केळी-माडांच्या नुकसानीचा विषय इथे कायमचा झाला. २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपलेला एक नर वाघ २०२० मध्ये कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात पुन्हा दिसला. राधानगरी, आंबोली, तिळारी, म्हादई, काळी हीच ती साखळी. २०२० मध्ये तिळारीला संवर्धन राखीव क्षेत्र मिळाले, सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर. त्याच वर्षी जानेवारीत सीमेपलीकडे गोव्यातल्या म्हादईत वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषाने. गुरे मारली म्हणून. जंगल आणि गोठा इतके जवळ आल्यावर दोघांनाही मागे सरायला जागा उरत नाही.

गोव्यातही वनाची व्याख्या हाच वाद आहे, फक्त तिथे त्याला माप आहे. खासगी वन ठरायला किमान पाच हेक्टर क्षेत्र, ७५ टक्के वनवृक्ष आणि ४० टक्के छत्री लागते. माप लहान करा, ही मागणी जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावाची भालांडेश्वराची राई आहे. गोड्या पाण्याच्या दलदलीत जंगली जायफळाच्या कुळातली झाडे गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभी आहेत. असे वन महाराष्ट्रात आहे, हे काही वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. आता त्या राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. देवाच्या भीतीने ती टिकली होती. तिचे क्षेत्र तीन हेक्टरही भरत नाही. गोव्याच्या हद्दीत, कोणाच्या खासगी जमिनीत, ती एकटीच असती, तर तिथल्या मापात वन ठरली नसती.