लक्ष्यवेधी कर्करोग गोळ्यांचे सुरक्षित सेवन (कोल्हापूर परिसराच्या संदर्भात)

कर्करोगाच्या पेशी ज्या विशिष्ट प्रथिनाच्या किंवा जनुकीय बिघाडाच्या जोरावर वाढतात, नेमके तेच रोखणारी आणि तोंडाने घ्यायची औषधे म्हणजे लक्ष्यवेधी गोळ्या. इमॅटिनिब, जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ऑसिमर्टिनिब, लॅपॅटिनिब, सुनिटिनिब, पाल्बोसिक्लिब, ओलापॅरिब ही त्यांतली परिचित नावे. शिरेतून दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीपेक्षा यांची काम करण्याची तऱ्हा निराळी आहे. सलाईन नाही, भरती होणे नाही, बहुतेकांत केस जाणेही नाही. त्यामुळे ‘गोळीच तर आहे’ अशी बेफिकिरी चटकन येते. प्रत्यक्षात ही औषधे काय खाल्ले, कधी खाल्ले आणि सोबत दुसरे कोणते औषध घेतले याबाबत फार हळवी असतात.

या वर्गाची सुरुवात इमॅटिनिबने झाली. ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ‘बीसीआर-एबीएल’ हे प्रथिन तयार होते आणि त्यातून रक्ताचा एक दीर्घकालीन कर्करोग, सीएमएल, उद्भवतो. हे प्रथिन थोपवणाऱ्या इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. भारतात त्याच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १ एप्रिल २०१३ च्या निकालाने पेटंट नाकारले गेले आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त इमॅटिनिबची वाट मोकळी राहिली. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखाच्या पुढे, तर देशी गोळीचा दहा हजारांच्या आत सांगितला जाई. जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाला वर्षानुवर्षे ही गोळी चालू ठेवणे परवडते, त्यामागे हा निकाल आहे.

कोल्हापूर भागातील पुष्कळ रुग्णांचे निदान किंवा उपचाराचा आराखडा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात ठरतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने जायचे, तपासण्या करायच्या, पिशवीत गोळ्या घेऊन परतायचे. काहींचे सारे उपचार शहरातच होतात. कुठेही झाले तरी पुढचे एक-दोन महिने वॉर्डातल्या परिचारिकेचे काम घरच्या माणसांवर येते. वेळ पाळणे, त्रास ओळखणे, इतर औषधांवर नजर ठेवणे हे सगळे आई, सून किंवा मुलगा करतो. म्हणून गोळी सुरू होतानाच घरातल्या एका माणसाने डॉक्टरांसमोर बसून सर्व समजून घ्यावे आणि लिहून ठेवावे.

पोट रिकामे की भरलेले : सर्वाधिक चुका इथेच होतात. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याने घ्यायची; रिकाम्या पोटी ती मळमळ आणते. उलट एर्लोटिनिब जेवणाआधी किमान १ तास किंवा जेवणानंतर २ तासांनी. निलोटिनिबच्या आधी २ तास व नंतर १ तास काहीच खायचे नाही. लॅपॅटिनिब जेवणासोबत घेतली, तर रक्तातले तिचे प्रमाण तिप्पट-चौपट होऊ शकते. जेवणाने निलोटिनिबचेही प्रमाण वाढते आणि मग हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. जेफिटिनिब आणि ऑसिमर्टिनिबला मात्र जेवणाचे बंधन नाही. पाल्बोसिक्लिबची गंमत वेगळी : कॅप्सूल जेवणासोबत घ्यावी लागते, गोळी केव्हाही चालते. दुकानदाराने कंपनी बदलून दिली आणि कॅप्सूलच्या जागी गोळी आली, की नियमही बदलतो. शेजारच्या पेशंटचा नियम आपल्याला लावू नये, हे यावरून कळेल.

रिकामे पोट म्हणजे फक्त पाणी. सकाळचा दुधाचा चहा, बिस्किट, किंवा दूध कट्ट्यावर उभ्याने प्यायलेले म्हशीचे धारोष्ण दूध हे सगळे खाण्यातच मोडते. ‘चहा काय, जेवण थोडंच आहे’ असे म्हणून निलोटिनिब घेणारा नकळत जास्त डोस घेत असतो. उपवासाच्या दिवशी गोंधळ उलट दिशेने होतो. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवसांचे उपवास करणाऱ्या बाया इमॅटिनिब रिकाम्या पोटी घेतात किंवा टाळतात. त्याची गरज नाही. साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचा भात पोटात असला की गोळीपुरते जेवण झाले. निर्जळी उपवास मात्र या औषधांशी जमत नाही. रमजानच्या रोज्यात दिवसातून एकदाच घ्यायची गोळी इफ्तारनंतर सरकवता येते का, ते महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दोन वेळची गोळी असेल तर प्रश्न अवघड होतो.

सोबतची औषधे : तांबडा रस्सा, मिसळ आणि त्यावर पित्ताची गोळी हा इथला नेहमीचा क्रम. पण पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या पोटातले आम्ल कमी करतात आणि आम्ल कमी झाले की एर्लोटिनिब, जेफिटिनिब, डासॅटिनिब, पॅझोपॅनिब नीट विरघळत नाहीत. गोळी रोज पोटात जाते, रक्तात पुरेशी पोचत नाही. पातळ अँटासिड घ्यायचेच झाले तर डासॅटिनिबपासून २ तासांचे अंतर लागते. बाकी औषधांसाठी अंतर विचारून घ्यावे. पित्ताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, त्यामुळे ही गोष्ट कर्करोगतज्ज्ञाच्या कानावर जातच नाही.

यकृतातले सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) यांपैकी बहुतेक गोळ्यांचा निचरा करते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन, फिट्सवरचे फेनिटोइन किंवा कार्बामॅझेपिन हे विकर जोमात आणतात. मग कर्करोगाची गोळी लवकर संपून जाते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बुरशीवरचे इट्राकोनॅझोल त्याला रोखतात. मग गोळी साचत जाते. औषधाच्या पत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असे छापलेले असते. ते फळ आपल्याकडे क्वचितच मिळते, पण गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे पपनस त्याच कुळातले. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्याच संकरातून आलेले आहे. तेव्हा प्रसादाच्या ताटातली पपनसाची फोड बाजूला ठेवावी. साध्या संत्र्या-मोसंबीची तशी भीती नाही.

काढे आणि गुळवेल यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे भारतातच नोंदली गेली आहेत, आणि इथे यकृतावर आधीच या गोळ्यांचा भार असतो. वैद्यांकडे जाण्याला विरोध नाही, लपवण्याला आहे. बिडी-सिगारेटही यातच येते : धूम्रपानाने एर्लोटिनिबचे रक्तातले प्रमाण घटते. दातांचा डॉक्टर, गावातला फॅमिली डॉक्टर, हाडांचा डॉक्टर, ज्याच्याकडे जाल त्याला गोळीचे पाकीटच दाखवावे. नाव तोंडी सांगताना चुकते.

चुकलेली गोळी : राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नयेत. गोळीनंतर उलटी झाली तरी स्वतःच्या मनाने पुन्हा घेऊ नये. सुनिटिनिब बहुधा ४ आठवडे घेऊन २ आठवडे थांबतात, पाल्बोसिक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस. अशा वेळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करणे मोबाइलच्या गजरापेक्षा भरवशाचे, कारण घरातल्या सगळ्यांना ते दिसते. पैसे वाचवायला दिवसाआड गोळी घेणे हा सर्वांत घातक मार्ग. त्याने रोग आटोक्याबाहेर जाऊ शकतो आणि मग लागणारे पुढचे औषध अधिक महाग असते. परवडत नसेल तर तसे तज्ज्ञाला उघड सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले औषध बसते का हे सीपीआर (कोल्हापुरातले सरकारी रुग्णालय) किंवा योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून कळते.

पावसाळ्याचा हिशेब या जिल्ह्यात वेगळा धरावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक काही दिवस बंद होती. मुंबईहून किंवा पुण्याहून गोळ्या मागवणाऱ्यांनी जून संपण्याआधीच दोन-तीन आठवड्यांचा जादा साठा हाताशी ठेवावा. दमट हवेत गोळ्या मूळ डबीत, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट ठेवाव्यात. स्वयंपाकघरातल्या फळीवर किंवा मोरीजवळ नकोत.

हाताळणी : गोळी कुटू नये, तोडू नये, कॅप्सूल उघडू नये. गिळता येत नसेल तर इमॅटिनिब किंवा ऑसिमर्टिनिब पाण्यात विरघळवून देता येते, पण तेही विचारून. दुसऱ्याने गोळी द्यायची असेल तर हातमोजे घालावेत. गरोदर बाईने हात लावू नये. उपचार चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते आणि स्तनपान बंद ठेवावे लागते, स्त्री-पुरुष दोघांशीही याबद्दल आधी बोलणे व्हायला हवे.

त्रास : जेफिटिनिब-एर्लोटिनिबने चेहऱ्यावर व छातीवर मुरमांसारखे पुरळ येते. ही मुरुमे नसतात, त्यामुळे मुरमांवरची कोरडे करणारी मलमे त्यावर लावू नयेत. उसाच्या रानात उन्हात काम करणाऱ्यांचे पुरळ चिघळते. डोक्याला टॉवेल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि साधे मॉइश्चरायझर एवढ्याने फरक पडतो. सोराफेनिब, सुनिटिनिब, रेगोराफेनिबने तळपाय सोलवटतात, जाडसर होतात, चालताना टोचतात. इथे कोल्हापुरी चप्पल बाजूला ठेवावीच लागते. तिचे कडक चामडे आणि अंगठ्याचा पट्टा घासतात, शिवाय नवी चप्पल पायाला रुळेपर्यंत धीर धरायची सवय रुग्णाच्या अंगलट येते. मऊ तळव्याची सैल पादत्राणे, कोमट पाणी आणि युरियाचे मलम यांची जोड द्यावी. पाय लाल होऊ लागताच कळवले तर डोस कमी करून औषध चालू ठेवता येते; फोड फुटल्यावर सांगितले तर ते बंद करावे लागते.

जुलाब अनेक गोळ्यांनी होतात, अबेमासिक्लिबने विशेष. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड कधी व किती घ्यायची हे आधीच लिहून घेतलेले असावे.

नवा कोरडा खोकला आणि धाप यांना हवाबदलाची सर्दी समजू नये. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ऑसिमर्टिनिब घेणाऱ्यांत ती फुप्फुसाच्या सुजेची खूण असू शकते. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगात थंडी भरून ताप, चक्कर येऊन पडणे, काळी शी होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि सोबत गोळीचे पाकीट न्यावे.

तपासण्यांचे वेळापत्रक औषधागणिक बदलते : कुठे रक्तपेशी, कुठे यकृत, कुठे ईसीजी, तर सुनिटिनिबमध्ये रक्तदाब. सीएमएलमध्ये साधारण दर तीन महिन्यांनी पीसीआर चाचणीने बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजतात. ते काही वर्षे अतिशय खाली टिकले, तर निवडक रुग्णांत डॉक्टर गोळी थांबवून पाहतात. त्यातल्या जवळपास निम्म्यांना पुन्हा लागत नाही. पण त्यासाठी गोळी थांबवल्यानंतरचे सुरुवातीचे महिने दर महिन्याला पीसीआर करावी लागते, आणि प्रमाण वाढताच गोळी लगेच परत सुरू करतात.