काजव्यांच्या सहलीला येण्याआधी: आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

भंडारदऱ्याच्या काजवा सहलीची तुम्ही चौकशी केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पैसे भरण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं, ही विनंती. आमच्या काही अटी वेगळ्या आहेत. शनिवारी आम्ही सहल काढत नाही, एका वेळी १६ च्या वर माणसं नेत नाही आणि झाडांजवळ मोबाइल खिशातून काढू देत नाही. या अटी कशासाठी आहेत ते कळलं, की त्यांचा जाच वाटणार नाही.

तो उजेड कशासाठी असतो

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात जातो, जमिनीलगत, ओलसर पालापाचोळ्यात, गोगलगायी खात. पंख फुटल्यावर हाताशी उरतात ते जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की उजेड पडतो, आणि त्यात उष्णता जवळपास नसतेच. नर उडताना किंवा फांदीवर बसून लुकलुकतो. मादी बहुधा खाली झुडपात, गवतात असते. आपल्या जातीची लय ओळखली की ती खालून उजेडानेच उत्तर देते आणि त्या खुणेवर नर तिच्यापर्यंत पोचतो.

हे सगळं अंधारावर चालतं. हिरड्या-बेहड्याचं किंवा सादड्याचं एखादं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत उजळत-विझत असतं आणि वळणावरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट त्यावर पडतो. अख्खं झाड गप्प होतं. गाडी निघून गेल्यावर आधी एखादी फांदी सुरू होते, मग शेजारची, पण पूर्वीची लय जमायला बराच वेळ जातो. तो वेळ त्यांच्या त्या दोन-तीन आठवड्यांतून कापला जातो. धरणाभोवतीच्या रस्त्यावर शनिवारी रात्री एकामागे एक गाड्या लागलेल्या असतात. मग त्या रात्री किती जोड्या जमत असतील, याचा विचार केला की आम्हाला तिथे आणखी एक गाडी न्यावीशी वाटत नाही. म्हणून आमची सहल सोमवार ते गुरुवारच्या दरम्यानच असते आणि शक्यतो अमावास्येच्या आसपास. चांदणं नसलं की काजवेही जास्त खुलून दिसतात. एक दिवसाची रजा पडते, याची आम्हाला कल्पना आहे.

वाडीच्या बाहेर गाडी उभी करून पुढे चालत जायचं. वाट दाखवायला पुढे गावातला माणूस असतो. त्याच्या हातात लाल जिलेटीन कागद लावलेली एकच विजेरी असते आणि तीही पायांकडे वळवलेली. काजव्यांना लाल उजेड कमी जाणवतो, पण तोसुद्धा झाडावर मारायचा नाही. पायवाट सोडून गवतात उतरायचं नाही, कारण माद्या तिथे असतात आणि अंडी ओल्या मातीत असतात. डास चावतील म्हणून अंगावर फवारा मारू नका, तो कीटकांसाठीच बनवलेला असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घातले की पुरतं. मुलांना काजवा हातात घ्यावासा वाटतो, ते अगदी स्वाभाविक आहे. आपणहून हातावर येऊन बसला तर बसू द्या. बाटलीत किंवा मुठीत धरू नका.

फोटोबद्दल स्पष्ट सांगतो. लाखो ठिपक्यांनी पेटलेलं जंगल तुम्ही ज्या फोटोंत पाहिलंत, ते फोटो बहुतेक वेळा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) कॅमेरा ठेवून, लांब वेळाचे अनेक फोटो एकमेकांवर चढवून तयार केलेले असतात. मोबाइलमध्ये ते येत नाही आणि फ्लॅश मारला तर समोर फक्त पानं दिसतात. शिवाय मोबाइलचा पडदा बघितलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला पुन्हा पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या वेळात जे दिसायचं ते तुमचं तर हुकतंच, शेजारच्याचंही हुकतं.

कसं जायचं

सहलीतला सर्वांत जास्त धूर प्रवासातच होतो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा २.७ किलो. मुंबई किंवा पुण्याहून भंडारदऱ्याला जाऊन-येऊन सुमारे ३५० किलोमीटर धरा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तीन माणसांना घेऊन गेली, तर माणशी १८ किलोच्या आसपास पडतात. घाटात लिटरला १० किलोमीटर देणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये १६ जण बसले, तर माणशी सहाच्या आत. स्वतःच्या गाडीने मागून येऊ का, असं बरेच जण विचारतात. त्यांना आम्ही नाही म्हणतो, कारण धुराइतकाच हेडलाइटचाही प्रश्न असतो.

मुंबई-ठाण्याच्या मंडळींनी लोकलने कसाऱ्यापर्यंत यावं. तिथून घोटीमार्गे भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावापर्यंतचे साठ-सत्तर किलोमीटर आमच्या गाडीने. महामार्गावरच्या कोंडीत अडकून पडण्यापेक्षा लोकलच्या खिडकीत बसलेलं बरं, हेही आहेच. पुण्याची गाडी आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर अशी येते.

गावात आपण पाहुणे असतो

मुक्काम वाडीवरच्या घरांत असतो. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. झाडं टिकली तर काजवे टिकतील, आणि काजव्यांमुळे चार पैसे घरात आले तर झाड राखणं वाडीलाही परवडेल, असं आमचं मत आहे. म्हणून जेवणाचे, मुक्कामाचे आणि वाटाड्याचे पैसे आमच्या हिशेबात न फिरवता तुम्ही थेट त्या-त्या घरी द्यायचे असतात. दर गावकऱ्यांनी ठरवलेले आहेत. त्यात घासाघीस करू नका, एवढी आमच्याकडून हात जोडून विनंती.

जेवायला भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, भात-आमटी. पनीर किंवा नूडल्स मागू नका. ते बाहेरून आणावं लागतं आणि इथल्या चुलीवरच्या जेवणापुढे त्याची गरजही पडत नाही. अकोले तालुका गावरान बियाण्यांसाठी ओळखला जातो. बियाणं जपणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. ताटात कुठला तांदूळ आहे, हे घरच्या बाईला जरूर विचारा. त्या मोठ्या हौसेने सांगतात.

पाण्याबद्दल मात्र फार जपून राहावं लागतं. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचं धरण, डोळ्यांसमोर दिसतं, पण त्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या शेतीला जातं. वर डोंगरातल्या वाड्यांवर मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि बायाबापड्या हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामात आंघोळ नाही. हातपाय धुवायला माणशी अर्धी बादली, तीही जपून. पिण्याचं पाणी आम्ही मोठ्या जारमधून आणतो, तुमची बाटली त्यातून भरून घ्या. वाटेत बाटलीबंद पाणी विकत घेतलंच, तर रिकामी बाटली परत शहरात न्यायची. वाडीवर कचरागाडी येत नाही, तिथे टाकलेलं प्लास्टिक शेवटी जाळलं जातं नाहीतर ओढ्यात जातं. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. आम्ही स्टीलची ताटं वापरतो आणि जेवल्यावर आपापलं ताट राखेने घासून, थोड्या पाण्यात विसळून ठेवतो.

दारू आणि स्पीकर चालत नाहीत. याला अपवाद नाही.

तारखा, पैसे, सामान

काजव्यांचा हंगाम साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो. वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की ते वाढतात आणि मोठा पाऊस लागला की काही दिवसांत ओसरतात. त्यामुळे कुठल्या रात्री किती दिसतील, याची हमी आम्ही देत नाही. वनखात्याने प्रवेश बंद केला किंवा जोराचा पाऊस झाला, तर सहल रद्द करून पूर्ण पैसे परत करतो. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क वनखात्याच्या त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे असतं, ते निघण्याच्या दोन दिवस आधी कळवू.

सोबत पाण्याची बाटली, पातळ चादर, घोट्यापर्यंतचे बूट, गडद रंगाचे कपडे आणि रोजची औषधं आणा. रेनकोट आणा, वाऱ्यात छत्री टिकत नाही. रात्री आठ ते साडेदहा आपण झाडांजवळ असतो, लहान मुलं तोवर जागतील असं बघा. ज्यांना अंधारात चालायला त्रास होतो, त्यांनी नाव नोंदवतानाच सांगावं. त्यांच्यासाठी रस्त्याकाठचं एक जांभळाचं झाड आहे. तिथे गावातून एक खाट आणून ठेवतो.