वीज कंपनीचा ताळेबंद आणि आयोगासमोरची महसुली गरज: हे दोन कागद एक नव्हेत

वीजदरवाढीचा प्रस्ताव आला की सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रमाग आणि टॉवेल कारखानदारांमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. कोणी महावितरणच्या वार्षिक अहवालातले नफा-तोटा पत्रक पुढे करतो, कोणी वीजदर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगाकडे दाखल झालेल्या याचिकेतला तक्ता दाखवतो, दोन्हींतले आकडे जुळत नाहीत, आणि तिसरा कोणी सांगून मोकळा होतो की कंपनी दोन वह्या ठेवते, एक सरकारसाठी आणि एक ग्राहकासाठी. हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो निरुपयोगी आहे. लेखी हरकतीत तो मांडला की कंपनीला त्याचे उत्तर देणे फार सोपे जाते, आणि ज्या आकड्यावर तिला खरोखर धारेवर धरता आले असते तो आकडा तसाच सुटतो.

ताळेबंद म्हणजे काय, हे सोलापुरातल्या व्यापाऱ्याला शिकवायला नको. महावितरण ही २००५ साली राज्य वीज मंडळाच्या विभाजनातून निघालेली सरकारी मालकीची कंपनी आहे, त्यामुळे तिला कंपनी कायदा २०१३ लागू होतो, तिचे लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात, आणि वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत वित्तीय विवरणपत्रे कंपनी निबंधकाकडे जातात. एवढे पुरे. फक्त एक सुचवतो: अहवालाचे गुळगुळीत छापलेले पहिले भाग वाचण्यापेक्षा लेखापरीक्षकांचे शेरे आणि महालेखापरीक्षकांचे अभिप्राय आधी वाचावेत, कारण कंपनीला जे सांगायला आवडत नाही ते बहुधा तिथेच सापडते.

दुसरा कागद कमी ओळखीचा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६२ नुसार वीजदर ठरवण्याचा अधिकार आयोगाला आहे आणि त्यासाठी लागणारा तपशील कंपनीकडून मागून घेण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. हा तपशील आयोगाने ठरवून दिलेल्या तक्त्यांत भरावा लागतो, आणि त्यातून निघते ती वार्षिक महसुली गरज, म्हणजे परवानाधारक वीज कंपनीला त्या वर्षात ग्राहकांकडून किती रक्कम वसूल करू द्यायची त्याचा हिशेब. कंपनीच्या याचिकेत साधारणपणे तीन काळ एकत्र असतात: सरलेल्या वर्षांचा अंतिम ताळमेळ, ज्याला सगळे ट्रू-अप म्हणतात, चालू वर्षाचा तात्पुरता अंदाज, आणि पुढच्या वर्षांचे प्रस्तावित आकडे. ताळेबंद मात्र संपलेल्या एकाच वर्षाविषयी बोलतो. त्यामुळे याचिकेतली एखादी मोठी रक्कम उचलून ‘कंपनीला इतका तोटा झाला’ असे छापणारी बातमी दिसली की माझा संयम संपतो. ती रक्कम बहुतेक वेळा प्रचलित दराने अपेक्षित असलेला महसूल आणि मागितलेला खर्च यांच्यातली तूट असते, तिच्यातला बराच भाग अजून घडलेल्या नसलेल्या वर्षांचा असू शकतो, आणि नफा-तोटा पत्रकातल्या तोट्याशी तिची तुलना करण्यात काहीही अर्थ नसतो.

तरीही काळाचा हा घोळ किरकोळच म्हणायचा. माणसे खरी अडखळतात ती पुढच्या मुद्द्यावर.

ताळेबंद सांगतो की किती खर्च झाला. आयोग विचारतो की त्यातला किती खर्च व्हायला हवा होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पावत्या देतात, दुसऱ्याचे उत्तर आयोगाने केलेले नियम, म्हणजे विनियम, आणि त्याची छाननी देते. म्हणून ‘प्रत्यक्ष’ आणि ‘मंजूर’ हे दोन स्तंभ आयोगाच्या आदेशात जवळजवळ प्रत्येक तक्त्यात शेजारी शेजारी असतात, आणि त्या दोहोंतला फरक हीच ग्राहकाच्या कामाची गोष्ट आहे. सरलेल्या वर्षांसाठी प्रत्यक्षाचा स्तंभ लेखापरीक्षित हिशेबांवरूनच येतो. वही एकच आहे. तिच्यातल्या कोणत्या नोंदी ग्राहकाच्या बिलापर्यंत जाऊ द्यायच्या, एवढेच आयोग ठरवतो.

सोलापुरात मजुरीवर विणून देणाऱ्याला हे लगेच समजेल. व्यापारी सूत वजन करून देतो आणि विणताना किती वेस्टेज धरायचे ते आधी ठरते. त्याहून जास्त सूत वाया गेले तर ते मागवाल्याच्या खिशातून जाते, व्यापारी त्याचे पैसे देत नाही. मागवाल्याच्या स्वतःच्या वहीत मात्र वाया गेलेले सगळे सूत खर्च म्हणून येणारच, आणि यायलाही हवे.

वितरण हानीचे, म्हणजे खरेदी करूनही विकली न जाता वाटेत जाणाऱ्या विजेचे, गणित नेमके असेच चालते. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ; हे प्रत्यक्षातले नव्हेत. आयोगाने १२ टक्के हानी मान्य केली आहे आणि कंपनीची हानी १६ टक्के झाली आहे, असे धरा. ग्राहकांना १०० युनिट विकण्यासाठी मान्य हानीने सुमारे ११३.६ युनिट खरेदी पुरली असती, प्रत्यक्षात सुमारे ११९ युनिट घ्यावी लागली. युनिटला ५ रुपये खरेदीदर धरला तर दर १०० युनिट विक्रीमागे सुमारे २७ रुपये जास्तीचे गेले. ताळेबंदात हे २७ रुपये वीजखरेदीच्या खर्चात निमूटपणे मिसळलेले असतात, तिथे ते वेगळे दिसणारही नाहीत. आयोगाच्या हिशेबात मात्र ते बाहेर काढले जातात, कारण हानी हा कंपनीच्या नियंत्रणातला घटक मानला जातो, आणि त्या जास्तीच्या खर्चातला किती भार कंपनीने सोसायचा व किती ग्राहकावर जाऊ द्यायचा याची वाटणी विनियमांत ठरलेली असते. इंधनाच्या किमतीसारखे घटक नियंत्रणाबाहेरचे मानले जातात आणि त्यांचा फरक इंधन समायोजन आकार म्हणून बिलावर येतो. एखादा खर्च या दोन कप्प्यांपैकी कोणत्यात बसवला, यावरून दर बदलतो. त्यामुळे कंपनी नेहमी दुसऱ्या कप्प्यासाठी भांडते, आणि ग्राहकानेही तितक्याच चिकाटीने पहिल्या कप्प्यासाठी भांडले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे, तो शेतीपंपांचा. मीटर नसलेल्या पंपांचा वापर मोजता येत नाही, तो अंदाजाने ठरतो; आणि शेतीला विकलेली वीज जितकी जास्त दाखवावी तितकी हानी कमी दिसते. आयोगाने यासाठी स्वतंत्र कार्यगट नेमून अभ्यास करवला आणि त्यानंतर शेतीच्या विक्रीचे आकडे कंपनीने दिले त्यापेक्षा कमी धरले, म्हणजे तितकी युनिट विक्रीच्या स्तंभातून हानीच्या स्तंभात गेली. या फेरमांडणीने ताळेबंदातली एकही नोंद बदलत नाही. माढा किंवा करमाळ्याच्या शेतकऱ्याला अश्वशक्तीप्रमाणे पाठवलेले बिल तिथे उत्पन्न म्हणून आहे आणि ते वसूल झाले नाही तर येणे रकमेत पडून आहे. म्हणूनच ज्याला हानीविषयी बोलायचे आहे त्याने वार्षिक अहवालातली टक्केवारी वापरू नये. आयोगाने फेरमांडणी करून धरलेली टक्केवारी वापरावी. थकलेल्या बिलांचा परिणाम ज्या मोजमापात येतो ती एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी, आणि तिच्यात वसुलीची कार्यक्षमता मिसळलेली असल्याने ती वितरण हानीच्या जागी घालणे ही तिसरीच चूक आहे.

दुसरे उदाहरण घराजवळचे, फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राचे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच असलेले हे केंद्र एनटीपीसीचे आहे, आणि एनटीपीसी ही केंद्र सरकारची, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्याने तिचे तिमाही निकाल सगळे पाहतात. पण त्या निकालांत सोलापूर केंद्राचा खर्च शोधू लागलात तर हाती काही लागणार नाही, कारण तो संपूर्ण कंपनीचा हिशेब आहे. केंद्रनिहाय हिशेब पाहायचा तर दिल्लीच्या केंद्रीय वीज नियामक आयोगापुढची त्या केंद्राची दरयाचिका वाचावी लागते. भांडवली खर्च, व्याज, घसारा, इंधन, सगळे तिथे त्या एका केंद्रापुरते मांडलेले असते.

आणि तिथेही ‘झालेले’ व ‘मानलेले’ यांतला भेद सुटत नाही. केंद्रीय आयोगाच्या विनियमांप्रमाणे प्रकल्पात ३० टक्क्यांहून जास्त भागभांडवल घातलेले असेल तर वरची रक्कम कर्ज समजली जाते आणि तिच्यावर भागभांडवलाचा परतावा मिळत नाही. कर्जाची वार्षिक परतफेड त्या वर्षीच्या घसाऱ्याइतकी धरली जाते, बँकेला प्रत्यक्षात किती हप्ते गेले ते पाहिले जात नाही. औष्णिक केंद्राला भागभांडवलावर मिळणारा मूळ परतावा १५.५ टक्के धरलेला आहे. त्यामुळे याचिकेतले व्याज आणि कंपनीने भरलेले व्याज जुळले नाही तर त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. न जुळणे हेच तिथे अपेक्षित आहे. स्थिर आकाराचेही, म्हणजे वीज घेतली किंवा न घेतली तरी केंद्राला द्यायच्या रकमेचेही, तसेच. वीज द्यायला तयार असल्याची ठरलेली उपलब्धता, सर्वसाधारणपणे ८५ टक्के, जाहीर केली की तो पूर्ण मिळतो, मग वीज महाग पडते म्हणून वितरण कंपनीने ती मागितली नाही तरी. ‘बंद केंद्राला पैसे कशाला’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो वीजखरेदी करार आणि विनियम यांना विचारायचा आहे. एनटीपीसीच्या नफ्याचा आकडा पुढे करून त्याचे उत्तर मिळणार नाही.

बाकीचे फरक भराभर सांगतो. घसाऱ्यात मोठी गोम असेल असा अनेक सनदी लेखापालांचाही तर्क असतो, पण नियामकाने दर ठरवून दिलेल्या उद्योगाला तेच दर लागू होतील अशी सोय कंपनी कायद्याच्या अनुसूची २ मध्येच आहे, तेव्हा तिथे वेळ घालवू नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणही कलम ७४ खाली कंपन्यांकडून आकडेवारी मागवते, मात्र ती सांख्यिकी आणि नियोजनासाठी असते, तिच्यावरून कोणाचा दर ठरत नाही. बुडीत येण्यांची तरतूद ताळेबंदात लेखामानकांप्रमाणे येते आणि आयोगाकडे ठरावीक मर्यादेपर्यंतच चालते.

मागे ढकललेल्या तुटीबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. मान्य झालेली तूट एकदम दरात घातली तर झटका बसेल म्हणून आयोग ती पुढच्या वर्षांवर टाकतो, तिला नियामक मत्ता म्हणतात, आणि ती साचत गेली की तिच्यावरचा वहनखर्चही, म्हणजे व्याजही, ग्राहकाच्याच माथी येतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की अशी साचलेली मत्ता १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ७ वर्षांत संपवावी आणि नवी तयार झाली तर ती ३ वर्षांत. दर या वर्षी वाढला नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी आदेशात अशी रक्कम पुढे ढकलली आहे का, ते आधी पाहावे.

कलम ६४ प्रमाणे याचिकेचा गोषवारा वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. सुनावणीला पुण्यापर्यंत जाणाऱ्यांनी सोबत वार्षिक अहवाल न्यायला हरकत नाही, पण हरकतीचा पहिला परिच्छेद मागच्या आदेशातल्या मंजूर स्तंभावरून लिहावा: अमुक शीर्षाखाली इतके मंजूर होते, इतके मागितले आहे, वाढ नियंत्रणातल्या घटकाची आहे, आणि ती आमच्यावर का टाकावी याचे कारण याचिकेत दिलेले नाही. अहवालातला आकडा त्यानंतर, आणि तोही प्रत्यक्ष खर्चाच्या तक्त्याशी तो जुळत नसेल तरच द्यावा. तसे असेल तर दोहोंचा मेळ घालून दाखवणारे विवरणपत्र कंपनीकडून मागून घ्यावे.