प्राचीन ध्रुवीय तापमानवाढ

पृथ्वीच्या इतिहासात ध्रुवांजवळचे प्रदेश आजच्यापेक्षा उबदार होते, असे काळ अनेकदा येऊन गेले. त्यांचा माग हिमगाभे आणि समुद्रतळाचा गाळ यांतून काढतात. गोव्यात हे काम वास्कोजवळच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात चालते. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती.

हिमगाभा म्हणजे बर्फाच्या थरांना खोल छिद्र पाडून काढलेला लांब दांडा. त्यातल्या बारीक बुडबुड्यांत त्या त्या काळची हवाच कोंडलेली असते. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना प्रयोगशाळेत उणे २० अंश सेल्सियसला, जाड कोट घालून, त्याचे तुकडे कापतात. बर्फातील जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून तेव्हाचे तापमान कळते. अंटार्क्टिकातील डोम सी येथील गाभा ८ लाख वर्षे मागे जातो; त्या सबंध काळात हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण ३०० च्या पुढे गेला नाही. आज तो ४२० च्या वर आहे.

सर्वांत बोलका काळ म्हणजे शेवटचा आंतरहिम काळ (दोन हिमयुगांमधला उबदार काळ), सुमारे १,२९,००० ते १,१६,००० वर्षांपूर्वीचा. जगाचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीपेक्षा ०.५ ते १.५ अंशांनीच जास्त होते. आर्क्टिकमध्ये मात्र वाढ त्याच्या कित्येक पट होती. पांढरे बर्फ ऊन परतवते, ते वितळले की खालचे काळे पाणी तेच ऊन पिते. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर वर चढला. ती ऊब पृथ्वीच्या कक्षेतील बदलांमुळे आली होती, कार्बन डायऑक्साइडसारख्या उष्णता अडवणाऱ्या वायूंमुळे नव्हे. म्हणून हा काळ उद्याचा हुबेहूब नकाशा मानता येत नाही. पण एवढ्याशा उष्णतेनेही हिमस्तर, म्हणजे ध्रुवांजवळच्या जमिनीवरचे बर्फाचे अवाढव्य थर, किती खचतात, हे त्याने दाखवलेच आहे. हिमस्तर वितळायला शतके लागतात, त्यामुळे आजच्या उष्णतेचा पुरता हिशेब समुद्राने अजून मांडलेला नाही.

गोव्याची खाजन शेती भरतीच्या पातळीखाली, बांधांच्या आड आहे. बांधातल्या मानशीचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या वाटेचे, लाकडी दार ओहोटीला आपसूक उघडते आणि भरतीच्या रेट्याने मिटते. समुद्र चढत गेला, की ओहोटीतही बाहेरचे पाणी पुरेसे उतरणार नाही. दार मिटलेलेच राहील आणि पावसाचे पाणी शेतात तुंबेल.