मेकॅनिक आणू दिला की सौदा मोडतो?

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जुना ट्रक विकणाऱ्याला हमखास सल्ला मिळतो: गिऱ्हाइकाला मेकॅनिक आणू देऊ नको, खोट काढून भाव पाडतो. पाडतो, खरंय. पण बघूच दिलं नाही, तर गिऱ्हाईक मनातल्या मनात त्याहून जास्त पाडतं.

थंड इंजिनला स्टार्टर मारू द्या. (आधीच तापवून ठेवलेलं इंजिन केबिन उचलून हात लावताच कळतं.) चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून धूर किती फेकतंय ते बघू द्या, चासी नंबर आरसीशी ताडू द्या. ट्रायल विमा चालू असेल तरच, शेजारी आपला माणूस बसवून. इंजिनाचं हेड (वरचा भाग) खोलायला मात्र साफ नकार.

‘बघून घेतली’ असं लिहून घेतलं की सुटलो, हेही खोटं. आरसीवर नाव तुमचंच राहिलं तर अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हेच सांगितलंय. फॉर्म २९, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याची आरटीओला द्यायची सूचना, त्याच दिवशी भरा.