अधिवेशनानंतरची उसळी: मतं फिरली, की फोन उचलणारे बदलले?

दर चार वर्षांनी ऑगस्टच्या सुमारास आपल्या वाहिन्यांवरही बातमी झळकते: अमेरिकेत वारं फिरलं! कुठल्या तरी पक्षाचं अधिवेशन नुकतंच झालेलं असतं आणि त्यांचा उमेदवार जनमत चाचण्यांमध्ये पुढे सरकलेला असतो. हीच अधिवेशनानंतरची 'उसळी'. १९८८ साली जुलैत अटलांटाच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाच्या मायकेल डुकाकिस यांनी उमेदवारी स्वीकारली, आणि लगोलग झालेल्या गॅलपच्या चाचणीत ते रिपब्लिकन पक्षाच्या थोरल्या बुश यांच्या १७ टक्के पुढे होते. नोव्हेंबरात मात्र बुश जवळपास ८ टक्क्यांनी जिंकले, ५० पैकी ४० राज्यं घेऊन. एवढे लोक खरंच आधी इकडे आणि मग तिकडे गेले का?

आधी तारखांचं राजकारण उरकून घेऊ. ज्याचा अध्यक्ष सत्तेत आहे तो पक्ष अधिवेशन नंतर घेतो, विरोधक आधी. हा कायदा नाही, नुसता पायंडा. वर ऑलिंपिक टाळायचं, कारण टीव्हीवरचा प्रेक्षक तिकडे जातो. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिक २४ ऑगस्टला संपलं आणि दुसऱ्याच दिवशी डेन्व्हरमध्ये डेमोक्रॅट जमले. २८ तारखेला ओबामांचं भाषण झालं, २९ च्या सकाळी रिपब्लिकन उमेदवार मॅककेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचं नाव जाहीर केलं आणि ओबामांच्या भाषणाची बातमी एका रात्रीत शिळी झाली. पैशाचंही गणित असे. सरकारी निवडणूक निधी घेतला, तर उमेदवारी स्वीकारल्यापासून मतदानापर्यंत तेवढ्यातच भागवायचं. २००४ मध्ये ही रक्कम दोघांनाही सारखीच, सुमारे साडेसात कोटी डॉलर. पण डेमोक्रॅट उमेदवार केरी यांना ती २९ जुलैपासून पुरवायची होती, अध्यक्ष असलेल्या धाकट्या बुशना २ सप्टेंबरपासून. पाच आठवड्यांचा फरक! अधिवेशन घ्यायचं पण उमेदवारी नंतर स्वीकारायची, असाही विचार केरींच्या गोटात झाला होता. पुढे दोन्ही पक्षांनी हा निधी घेणंच सोडलं आणि २०१६ ची अधिवेशनं पुन्हा जुलैत गेली.

आता माझ्या आवडीचा भाग. समजा एक लाख मतदार आहेत, बरोबर अर्धे 'अ' पक्षाचे, अर्धे 'ब' चे. चाचणीवाल्यांचा फोन दोन्हीकडचे ५ टक्के लोक घेतात. निकाल ५०–५०. आता 'अ' चं अधिवेशन झालं. चार दिवस भाषणं, फुगे, घोषणा. 'अ' वाले खुशीत, त्यांच्यातले ५.५ टक्के बोलायला तयार होतात. 'ब' वाले वैतागलेले, ते ४.५ टक्क्यांवर येतात. म्हणजे 'अ' चे २७५० आणि 'ब' चे २२५०. चाचणी सांगते ५५–४५, दहा टक्क्यांची आघाडी, आणि मत एकाचंही बदललेलं नाही! भारत सामना हरला की व्हॉट्सॲप ग्रुपवरचे क्रिकेटपंडित गप्प होतात, तसंच हे. पंडित गेलेले नसतात, बोलत नसतात एवढंच.

गंमत म्हणजे नमुना मोठा करून हा दोष जात नाही. हजार लोकांच्या चाचणीत साधारण ±३ टक्क्यांची चूक धरतात, ती निवडीतल्या योगायोगाची. लाख लोकांना विचारलं तर ती ०.३ वर येईल, पण वरची दहा टक्क्यांची खोटी आघाडी जशीच्या तशी राहील, उलट जास्त ठामपणे छापली जाईल. वय, लिंग, शिक्षण यांनुसार भारांकन करूनही (म्हणजे नमुन्यात कमी आलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देऊनही) पुरत नाही, कारण त्याच वयाच्या, त्याच शिक्षणाच्या दोघांपैकी उत्साही माणूसच फोनवर येतो. मागच्या वेळी कुणाला मत दिलं होतं हे विचारून भार दिला तर बरंच सुधारतं. फक्त लोकांना आपण जिंकलेल्यालाच मत दिल्याचं आठवतं, ही नवी भानगड! आणि प्रतिसाद देणारे आता आहेतच किती? प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या दूरध्वनी सर्वेक्षणांत १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८ मध्ये ६ टक्के.

हे नुसतं कागदी गणित नाही. २०१२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी एक्सबॉक्सवर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या ८० हजारांहून अधिक लोकांकडून मतं गोळा केली. ओबामांबरोबरच्या पहिल्या वादचर्चेनंतर रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांनी घेतलेली झेप, उत्तर देणाऱ्यांचा पक्षकल जमेस धरताच बहुतांशी विरली. ते उदाहरण अधिवेशनाचं नव्हे, वादचर्चेचं. पण यंत्रणा तीच.

मग शेवटी अधिवेशन घेतल्याने काय साधतं? समजा उसळी दर आठवड्याला निम्मी होते. अधिवेशन सप्टेंबरच्या सुरुवातीला असेल तर मतदानापर्यंत, म्हणजे नऊ आठवड्यांनी, ती १/५१२ उरेल; जुलैच्या मध्यावर असेल तर सोळा आठवड्यांनी १/६५५३६. दोन्ही शून्यच! पण सगळीच उसळी अशी विरत नाही. उसळी = क + ख × २^(−आठवडे) असं लिहा; 'ख' हा फोनवरचा उत्साह, 'क' हा मुरलेला बदल. रॉबर्ट एरिक्सन आणि ख्रिस्तोफर व्लेझियन या राज्यशास्त्रज्ञांना जुन्या चाचण्यांत असं दिसलं, की अधिवेशनांआधीचे आकडे निकालाशी फारसे जुळत नाहीत, नंतरचे बरेच जुळतात. म्हणजे 'क' शून्य नाही. तो अधिवेशनाच्या क्रमावर अवलंबून असतो, असं मानायला मात्र मला सबळ कारण दिसत नाही.

तारखांवरच्या श्रद्धेत आपणही मागे नाही. २४ ऑक्टोबर २०२४ ला गुरुपुष्यामृत होतं, म्हणून महाराष्ट्रात विधानसभेचे अर्ज भरायला झुंबड उडाली. एकाच मतदारसंघात एकाच मुहूर्तावर दोघांनी अर्ज भरला, तर गुरू आणि पुष्य कुणाच्या बाजूने? निदान अमेरिकन पक्ष ऑलिंपिकचं वेळापत्रक तरी बघतात.

त्याच वर्षी डेमोक्रॅट शिकागोत १९ ते २२ ऑगस्टला जमले. ठिकाण २०२३ च्या एप्रिलमध्येच ठरलेलं, तेव्हा बायडेन माघार घेतील हे कुणाच्या गावीही नव्हतं. ओहायो राज्याचा कायदा मतदानाच्या ९० दिवस आधी, ७ ऑगस्टपर्यंत नाव मागत होता. पुढे ओहायोने मुदत वाढवली, तरी पक्षाने आपल्या प्रतिनिधींचं ऑनलाइन मतदान घेतलंच, आणि कमला हॅरिस ५ तारखेलाच उमेदवार झाल्या. निवडणुकांचे अंदाज बांधणारे नेट सिल्व्हर यांच्या प्रारूपाने (गणिती मॉडेलने) अधिवेशनानंतर उसळी येणार असं धरून हॅरिस यांच्या आकड्यांतून ती वजा केली. उसळी फारशी आलीच नाही, पण वजाबाकीमुळे त्यांची जिंकण्याची शक्यता घसरलेली दिसली, आणि टीकाही झाली. माझा अंदाज असा, की २१ जुलैला बायडेन बाजूला झाले तेव्हाच डेमोक्रॅट मतदार उत्साहाने फोन घेऊ लागले होते. शिकागोनंतर त्यात भर पडायला फारशी जागाच नव्हती.