लिटल अर्थक्वेक्स

लिटल अर्थक्वेक्स : अमेरिकन गायिका, गीतकार व पियानोवादक टोरी एमस हिचा स्वतःच्या नावाने निघालेला पहिला अल्बम. ब्रिटनमध्ये तो ६ जानेवारी १९९२ रोजी आणि अमेरिकेत त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाला. त्यात १२ गाणी असून एकूण अवधी सुमारे ५७ मिनिटांचा आहे. धर्मसंस्कारांतून मनात रुजलेली अपराधी भावना, वडील आणि मुलगी यांचे नाते, किशोरवयातले अपमान, विझत गेलेले प्रेम आणि बलात्कार हे त्याचे विषय. असे अल्बम ‘कबुलीजबाब’ या एका शब्दात मोकळे केले जातात. या अल्बमावर तो शब्द अन्याय करतो, कारण इथली भावना अतिशय कसबाने घडवलेली आहे, आणि ती घडवण्याचे बरेचसे काम शब्दांइतकेच पियानोने केले आहे.

टोरीचे मूळ नाव मायरा एलन एमस. तिचा जन्म २२ ऑगस्ट १९६३ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील न्यूटन येथे झाला. वडील मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. ऐकलेली चाल पियानोवर जशीच्या तशी उतरवण्याची देणगी तिला इतक्या लहानपणी होती, की पाचव्या वर्षीच तिला बॉल्टिमोरच्या पीबडी कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयाच्या बालविभागात प्रवेश मिळाला. त्या वयात तिथे आधी कोणी दाखल झाले नव्हते. अकराव्या वर्षी मात्र तिची शिष्यवृत्ती गेली. तिला कानाने वाजवायचे होते, रॉक वाजवायचे होते. समोर ठेवलेली स्वरलिपी वाचण्यात तिचे मन रमत नव्हते. तेराव्या वर्षापासून ती वॉशिंग्टनमधल्या बारमध्ये वाजवू लागली, आणि सोबतीला खुद्द धर्मोपदेशक वडील असत. तिचे खरे शिक्षण इथे झाले असे म्हणायला हरकत नाही. फर्माईश येईल ते गाणे त्या क्षणी उभे करायचे, गप्पांत गुंतलेल्या माणसांचे लक्ष एक आवाज आणि एक वाद्य एवढ्याच भांडवलावर खेचून धरायचे, ही तयारी तिच्या पुढच्या प्रत्येक गाण्यात दिसते.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर ती लॉस एंजेलिसला गेली. अटलांटिक रेकॉर्ड्सने तिच्याशी करार केला आणि १९८८ मध्ये ‘वाय कान्ट टोरी रीड’ या बँडच्या नावाने एक अल्बम काढला. ‘टोरीला वाचता का येत नाही?’ हा नावातला टोमणा पीबडीतल्या स्वरलिपीच्या दिवसांवर होता. फुगवलेले केस, चामडी पोशाख, त्या काळच्या रेडिओला रुचेल असा सिंथेसायझरचा रॉक, असा सगळा थाट होता आणि पियानो जवळजवळ हरवलेला होता. अल्बम साफ पडला. या अपयशानंतर ती पुन्हा पियानोकडे वळली आणि कोणाला काय आवडेल याचा हिशेब बाजूला ठेवून लिहू लागली.

डिसेंबर १९९० मध्ये तिने नव्या गाण्यांचा संच कंपनीकडे सोपवला. कंपनी नाराज झाली. पियानो काढून त्या जागी गिटारी घालाव्यात, अशी सूचना पुढे आली. टोरीने ती मानली नाही. काही गाणी नव्याने करून देण्याचे मात्र कबूल केले. मग त्या वेळचा तिचा जोडीदार एरिक रॉस याच्या साथीने, अगदी थोड्या खर्चात, ‘गर्ल’, ‘प्रेशस थिंग्ज’, ‘टीअर इन युअर हँड’ आणि शीर्षकगीत तयार झाले. ‘क्रूसिफाय’, ‘सायलेंट ऑल दीज इअर्स’, ‘विंटर’, ‘मदर’ वगैरे आधीची गाणी निर्माता डेव्हिट सिगरसन याच्याबरोबर झालेली होती. असे संगीत अमेरिकेपेक्षा ब्रिटनमध्ये आधी समजून घेतले जाईल, या अटकळीने कंपनीने तिला लंडनला पाठवले. तिथे ‘टीअर्स फॉर फिअर्स’ या बँडमधला इयन स्टॅन्ली याच्याबरोबर उरलेली दोन गाणी झाली. वेगवेगळ्या हातांनी घडूनही अल्बम ठिगळांचा वाटत नाही, कारण पियानो आणि आवाज कुठेही मागे सरकत नाहीत. कंपनीच्या नकाराचा एक लाभही झाला. ‘प्रेशस थिंग्ज’ आणि शीर्षकगीत यांच्याविना हा अल्बम सुंदर झाला असता, पण त्याला धार आली नसती.

‘सायलेंट ऑल दीज इअर्स’ची सुरुवात पियानोवरच्या एका छोट्या, लगतच्या स्वरांत घोटाळत फिरणाऱ्या तुकड्याने होते. बोलावेसे वाटते, पण शब्द पुन्हा जिभेवरच अडतो, अशी ती चलबिचल आहे. गाणारी बाई वरवर थट्टेच्या, जराशा तिरकस सुरात बोलत राहते; मग तंतुवाद्ये येतात, चाल मोकळी होते आणि इतकी वर्षे गप्प राहिल्याची खंत एकदम अंगावर येते. त्या मोकळ्या होण्याचा परिणाम आधीच्या अडखळण्यामुळे होतो. हे गाणे मुळात तिने दुसऱ्या गायकासाठी लिहायला घेतले होते. ही तर तुझीच गोष्ट आहे, हे रॉसने तिच्या लक्षात आणून दिले.

‘प्रेशस थिंग्ज’ची रीत याच्या उलट आहे. पियानोचे द्रुत, हट्टी आवर्तन सुरू असते आणि त्यात श्वास ऐकू येतो. धावून आलेल्या माणसाचा असावा तसा, तालातच गुंफलेला. शाळेतली हेटाळणी, देखण्या मुलांचा तुच्छपणा, धर्माच्या नावाने शरीराची शिकवली गेलेली लाज, हे सगळे या गाण्यात एकेक करून बाहेर येते आणि एका ठिकाणी गाणे चक्क गुरगुरते. पियानो म्हणजे बैठकीच्या खोलीतले सुसंस्कृत वाद्य, हा समज या चार-साडेचार मिनिटांत निकालात निघतो.

‘विंटर’ हे वडिलांना उद्देशून असलेले गाणे अल्बममधले सर्वांत प्रेमळ आहे. बर्फात खेळायला निघालेली लहान मुलगी कडव्यागणिक मोठी होत जाते आणि बापाचा आधार हळूहळू तिच्या स्वतःच्या बळात बदलायचा असतो. धर्मोपदेशकाच्या घरातल्या संस्कारांवर ‘क्रूसिफाय’मध्ये इतका राग काढल्यानंतर त्याच बापाविषयीची ही माया ऐकू येते. राग आणि माया दोन्ही खरी ठेवली आहेत, एकाने दुसऱ्याला खोडलेले नाही. मृत्यूनंतरच्या भटकंतीची मौज सांगणारे ‘हॅपी फँटम’ आणि कॅबरेच्या ढंगाचे ‘लेदर’ ही गाणी मधे थोडी हवा खेळती ठेवतात. ‘मदर’ सात मिनिटांच्या आसपासचे, जवळजवळ स्वगतासारखे. काही श्रोत्यांना ते लांबल्यासारखे वाटते, पण सावकाश ऐकणाऱ्याला त्यातले पियानोवादन भरपूर देते.

शेवटून दुसरे गाणे ‘मी अँड अ गन’. यात पियानो नाही, कोणतेच वाद्य नाही, फक्त आवाज. लॉस एंजेलिसमध्ये बारमधला कार्यक्रम संपल्यावर एका माणसाला गाडीतून सोडायला गेली असताना टोरीवर बलात्कार झाला होता, हे तिने पुढे जाहीरपणे सांगितले. ती तेव्हा २१ वर्षांची होती. कित्येक वर्षे ती त्यावर बोलली नाही. १९९१ मध्ये ‘थेल्मा अँड लुईस’ हा चित्रपट पाहिल्यावर हे गाणे लिहिले गेले. चाल सपाट आहे, आवाज चढत नाही, रडत नाही. त्या प्रसंगात मनाला सुचणाऱ्या असंबद्ध, साध्यासुध्या गोष्टी त्यात येतात, आणि जगून राहण्याची इच्छा त्यांतूनच कळते. अल्बमभर सोबत असलेला पियानो नेमका इथे काढून घेणे हा पूर्ण अल्बममधला सर्वांत धाडसी सांगीतिक निर्णय होय. त्यानंतर येणारे शीर्षकगीत ढोल आणि एकावर एक चढवलेल्या आवाजांच्या घोषाने स्वतःचे आयुष्य परत मागते. हा क्रम बदलला तर दोन्ही गाणी दुबळी होतील.

मुखपृष्ठ छायाचित्रकार सिंडी पालमानो हिचे आहे. लाकडी खोक्यात अंग आखडून बसलेली टोरी आणि तिच्याजवळ खेळण्यातला पियानो, असे ते चित्र. गाण्यांच्या दृश्यफिती पालमानोनेच दिग्दर्शित केल्या आणि पांढऱ्या, मोकळ्या पार्श्वभूमीची त्यांची शैली लोकांच्या लक्षात राहिली.

ऑक्टोबर १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मी अँड अ गन’ची छोटी तबकडी आधी निघाली. रेडिओने त्याच तबकडीवरचे ‘सायलेंट ऑल दीज इअर्स’ उचलून धरले. अल्बम ब्रिटनच्या यादीत १४ व्या, तर अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत ५४ व्या क्रमांकापर्यंत गेला. सिएटलच्या गिटार-रॉकने तेव्हा सगळे व्यापले होते. टोरीने त्या लाटेतल्या निर्व्हाना या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचेही केवळ पियानोवर रूपांतर करून ते एका छोट्या तबकडीवर जोडगाणे म्हणून दिले. समीक्षकांनी तिची तुलना केट बुश, जोनी मिचेल या गायिका-गीतकारांशी केली. आवाजापुरती ती ठीक होती. मंचावर मात्र ती एकटी, बाकावर पाय फाकून, श्रोत्यांकडे अर्धी वळून वाजवीत असे आणि तशी बैठक तोवर कोणा पियानोवादिकेची फारशी पाहिलेली नव्हती. अमेरिकेत विक्री सावकाश वाढत गेली व अल्बमला दुहेरी प्लॅटिनम, म्हणजे वीस लाख प्रतींचे मानांकन मिळाले.

या अल्बमचा एक परिणाम संगीताबाहेरचा आहे. कार्यक्रमांनंतर अनेक स्त्रिया टोरीला भेटून स्वतःवर झालेल्या अत्याचाराविषयी सांगत, पत्रे लिहीत. १९९४ मध्ये अमेरिकेत ‘रेप, अब्यूज अँड इन्सेस्ट नॅशनल नेटवर्क’ (रेन) ही संस्था सुरू झाली, तेव्हा टोरी तिची पहिली राष्ट्रीय प्रवक्ती झाली. पीडितांना देशात कुठूनही जवळच्या मदतकेंद्राशी जोडून देणारी दूरध्वनिसेवा हे संस्थेचे मुख्य काम होते. १९९७ मध्ये ‘सायलेंट ऑल दीज इअर्स’ या संस्थेच्या मदतीसाठी पुन्हा प्रकाशित करण्यात आले.

१९९४ चा तिचा पुढचा अल्बम ‘अंडर द पिंक’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्याची भाषा अधिक गूढ, कोड्यांची आहे. १९९० नंतर पियानोवर बसून स्वतःची गाणी म्हणणाऱ्या गायिकांची जी पिढी आली, तिच्याशी बोलताना कोणत्याही रेकॉर्ड कंपनीला पियानो काढून टाका असे सांगणे अवघड झाले. २०१५ मध्ये अल्बमची ध्वनिसंस्कारित आवृत्ती निघाली. ३० वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, गाण्यांवर आधारित चित्रकथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.